अठरा पावलं

आज फक्त पाय, मुजावर बाई म्हणाल्या.
हात खिशात घाला,
नाहीतर ते मध्ये मध्ये करतील.

रंकाळ्याचा काठ, सकाळचे सहा, आम्ही सातजण.
संध्यामठ कमरेएवढ्या पाण्यात.
पलीकडच्या कट्ट्यावर म्हशी आल्यात,
चरवीत धारेचा आवाज
आधी पातळ, मग जाड.

डावा पाय भरा. उजवा रिकामा करा.
ह्यात काय शिकायचं, मी मनात म्हटलं,
साठ वर्षं चालतोय की.
बाई वाकल्या, माझी उजवी टाच
एका बोटानं उचलून बघितली.
टाच हलेना.
"आडनाईक मामा, रिकामा म्हणालात,
मालक तर अजून घरातच आहेत."

तीन आठवडे आम्ही नुसते पाय रिकामे करत होतो.

मग कंबर.
बेंबीला बॅटरी बांधलीय समजा,
त्या उजेडानं तळं झाडून काढा,
ह्या काठापासून त्या काठापर्यंत, केर राहू देऊ नका.
शेजारी हिंदुराव, एकेकाळचा तालमीतला गडी,
त्याच्या अंगाला सावकाश हा शब्दच ठाऊक नाही.
ह्या प्रकाराला ढगांचे हात म्हणतात कळल्यावर
तो ढगाचाही पट काढायला गेला.

हात शेवटी.
एक तोंडासमोर, आरसा धरल्यासारखा,
एक बेंबीशी.
वरचा खाली येतो, खालचा वर जातो,
दोघांची वाटेत गाठ पडते, पण कुणी कुणाला थांबवत नाही.
"ढग स्वतः चालतो का मामा?
हात हलवायचे नाहीत. कंबर नेईल तिकडं जायचं."

माझा उजवा हात मात्र कुणी न नेता हलतो.
गेल्या दसऱ्यापासून.
आधी बशी वाजायची.
आता सून मला चहा पेल्यातून देते,
अर्धाच भरून,
आणि त्याबद्दल काही बोलत नाही.

आज काय झालं सांगतो.
डावा भरला. उजवा खरंच रिकामा झाला,
कंबर फिरली,
आणि हाताला दांडा लागला.

उद्यमनगर. लॅडलचं पुढचं टोक माझं,
मागचं यल्लाप्पाचं.
मध्ये चाळीस किलो रस, पांढरा,
बघायचं नाही त्याच्याकडं.
पळायचं नाही, थांबायचं नाही.
झटका बसला की रस सांडतो,
ओल्या मातीवर सांडला की फुटतो.
भट्टीपासून साच्यापर्यंत अठरा पावलं,
एकतीस वर्षं.
बोलणं नव्हतंच. दांडा सांगायचा
कुणाचं रात्री घरात वाजलंय,
कुणाची पोरगी पास झालीय.
इकडं मी दम घेतला
की तिकडं त्याचा खांदा उतरायचा.

त्याला खांदा द्यायला मी पुढं होतो.
मागं कोण होतं कुणास ठाऊक.
पंचगंगेपर्यंत
पावलं जुळली नाहीत.

"मामा! आत्ता काय केलंत?"
काही नाही बाई.
"तेच परत करा."
केलं. नाही आलं.
टाच जड, हात आपला पानासारखा,
हिंदुराव उगाच टाळ्या वाजवतोय.
"असू दे," बाई म्हणाल्या, "येऊन गेलं ना?
त्याला वाट कळली."

सुटल्यावर कट्ट्यावर दूध घेतलं, दोन पेले,
काठोकाठ. अर्धा नको म्हणालो.
हिंदुराव बाकावर बसलेला, गुडघा चोळत.
त्याच्यापर्यंत गेलो,
डावा भरत, उजवा रिकामा करत.
पावलं मोजायची राहिली.
थोडा फेस मनगटावर सांडला,
धारोष्ण.
भाजलं नाही.